सेलेनियम: माती, चारा आणि माणूस

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात माणसांचे केस हातात येऊ लागले. आधी डोक्याला खाज, मग केस राठ होणे, आणि पुढच्या तीन-चार दिवसांत टक्कल. पुरुष, बायका, शाळकरी मुले, कोणीच सुटले नाही. पहिला संशय शाम्पूवर गेला, मग पाण्यावर. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. इथल्या पाण्याविषयीची तक्रार पिढ्यान्‌पिढ्यांची. त्वचेला बुरशी लागली असावी असेही म्हणून झाले. काहींची ठरलेली लग्ने अडली. आजूबाजूच्या गावांतून या गावांत येणाऱ्यांची पावले अडखळली.

विंचूदंशावरच्या संशोधनामुळे जगभर नाव झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे जाऊन नमुने घेऊन आले आणि त्यांनी ते स्वखर्चाने तपासून घेतले. त्यांच्या अहवालानुसार रुग्णांच्या रक्तात सेलेनियम नेहमीच्या ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट होते, तर जस्त खूपच कमी. रेशन दुकानातल्या गव्हात दर किलोला साडेचौदा मिलिग्रॅम सेलेनियम निघाले, आणि हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला आहे, असे त्यांचे म्हणणे. या निष्कर्षावर वाद झाला. पुढे त्याच गावांतून नखे ठिसूळ होऊन गळण्याच्या तक्रारी आल्या.

अशा रीतीने सेलेनियम मराठी वर्तमानपत्रांत ‘विषारी गहू’ या मथळ्याखाली अवतरले. त्याच वेळी कोणत्याही औषधाच्या दुकानात मल्टिव्हिटॅमिनच्या पाकिटावर हेच नाव मोठ्या अक्षरांत मिरवत होते: प्रतिकारशक्तीसाठी, थायरॉइडसाठी, आणि गंमत म्हणजे केसांसाठीसुद्धा. एकाच मूलद्रव्याने केस जातात आणि त्याच मूलद्रव्याच्या गोळ्या केसांसाठी विकल्या जातात, हे वाचकाला कोडे वाटले तर नवल नाही. प्रस्तुत पुस्तक त्या कोड्याभोवतीच फिरते. ते सोडवायचे तर प्रयोगशाळेत जाण्याआधी शेतात जावे लागते, कारण माणसाच्या अंगात किती सेलेनियम जायचे याचा निर्णय बहुतेक वेळा त्याचे धान्य ज्या मातीत पिकले तिने आधीच घेतलेला असतो. माझ्या मते हा सगळा विषय मुळात भूगोलाचा आहे. वैद्यक त्यात नंतर येते.

थोडी ओळख करून घेऊ. १८१७ साली स्वीडनमध्ये ग्रिप्सहोम इथल्या गंधकाम्लाच्या कारखान्यात फालूनच्या खाणीतले पायराइट जाळले जाई, आणि टाक्यांच्या तळाशी तांबूस गाळ साचे. याकोब बर्झेलियस आणि योहान गान या दोघांनी त्याचा माग काढला. आधी त्यांना ते टेल्युरियम वाटले. मग लक्षात आले की हे वेगळेच मूलद्रव्य आहे. टेल्युरियमला पृथ्वीचे नाव होते म्हणून याला चंद्राचे दिले. शोधाची हकिकत एवढीच. तिच्यातला महत्त्वाचा धागा म्हणजे हे द्रव्य गंधकाच्या कारखान्यात सापडले. आवर्त सारणीत ते गंधकाच्या थेट खाली बसते, गंधकासारखेच वागते, आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक घटनांचे मूळ या नात्यात आहे.

झाडाची मुळे गंधक सल्फेटच्या रूपात आत घेतात. त्यासाठी पेशींच्या पापुद्र्यात जी दारे आहेत त्यांना सल्फेट आणि सेलेनेट यांतला फरक नीट कळत नाही. गंधकासाठी उघडलेल्या दारातून सेलेनियमही आत येते, आणि आत आल्यावर गंधकाच्या जागी अमिनो आम्लांत जाऊन बसते. मेथिओनिनमध्ये गंधकाऐवजी सेलेनियम आले की होते सेलेनोमेथिओनिन. गव्हाच्या दाण्यातले बरेचसे सेलेनियम याच रूपात असते आणि म्हणूनच गहू धुऊन ते जात नाही. ते दाण्याला चिकटलेले नसते, दाण्याच्या प्रथिनात विणलेले असते. बावस्करांच्या तपासणीत धुतलेल्या गव्हातले प्रमाण न धुतलेल्यापेक्षा फारसे खाली आले नाही, हे याच्याशी जुळणारेच आहे.

केस, नखे, खूर, शिंगे ही सगळी केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली. केराटिनला बळकटी येते ती गंधकाच्या अणूंमधल्या बंधांमुळे. त्या जागी सेलेनियम घुसले की बंध दुबळे होतात. त्यामुळे अतिरेकाची पहिली खूण माणसात केस-नखांवर आणि जनावरांत खूर-शिंगांवर उमटते. श्वासाला लसणासारखा वास हे आणखी एक लक्षण. जास्तीचे सेलेनियम बाहेर टाकण्यासाठी शरीर त्याचे वायुरूप संयुग बनवते, त्याचा तो वास.

आता प्रमाणाचे बोलू, कारण या विषयात प्रमाण हेच सर्वस्व आहे. भारतीय प्रौढ माणसासाठी दिवसाला सुमारे ४० मायक्रोग्रॅम पुरेसे धरतात. अमेरिकेत तो आकडा ५५ आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहालाखावा भाग. जेवणाच्या टेबलावरच्या बारीक मिठाचा एक कण उचलला तर त्याचे वजन साधारण या चाळीस-पन्नास मायक्रोग्रॅमांएवढेच भरेल. अख्ख्या दिवसाची गरज एका मिठाच्या कणाएवढी. आणि रोज न चुकता किती घेतले तर धोका? अमेरिकेने ती वरची मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ साली ती २५५ वर आणली. म्हणजे गरज आणि धोका यांच्यात पाच-सात कणांचेच अंतर. शरीराला लागणाऱ्या खनिजांमध्ये इतका अरुंद पट्टा फार थोड्यांच्या वाट्याला आला आहे.

इतिहासात सेलेनियम आधी विष म्हणूनच भेटते. मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात चीनच्या डोंगराळ भागातल्या एका वनस्पतीमुळे जनावरांचे खूर गळतात असा उल्लेख आहे, आणि या विषयावरचे इंग्रजी पुस्तक त्याच्याशिवाय सुरूच होत नाही. ती वनस्पती सेलेनियमवालीच होती याला पुरावा नाही. मला त्या कथेपेक्षा १८५६ सालची साधी नोंद जास्त भरवशाची वाटते. अमेरिकेत मिसूरी नदीकाठच्या फोर्ट रँडल या लष्करी ठाण्यावरचे डॉक्टर टी. सी. मॅडिसन यांनी घोडदळाच्या घोड्यांची आयाळ आणि शेपटी झडत असल्याचे, खूर सुटत असल्याचे लिहून ठेवले. त्या भागात नंतर वसलेल्या शेतकऱ्यांनी या रोगाला ‘अल्कली डिसीज’ म्हटले. दोष कशाचा, तर खाऱ्या पाण्याचा. पाऊणशे वर्षे हाच समज टिकला. शेगावातही पहिल्यांदा पाण्याकडेच बोट दाखवले गेले होते, हे इथे आठवते. पाणी डोळ्यांना दिसते, जिभेला कळते; धान्य मात्र घरचे, विश्वासाचे.

खरा गुन्हेगार सापडला १९३० च्या दशकात. साउथ डकोटात कर्ट फ्रँके यांनी त्या भागातले धान्य उंदरांना खाऊ घालून विष धान्यातच आहे हे दाखवले, आणि पुढे ते विष सेलेनियम असल्याचे स्पष्ट झाले. शेजारच्या वायोमिंगमध्ये ऑरव्हिल बीथ वनस्पतींच्या मागे लागले. त्यांना असे दिसले की ॲस्ट्रॅगॅलस प्रजातीतल्या काही जाती सेलेनियमयुक्त जमिनीवरच वाढतात आणि किलोला हजारो मिलिग्रॅमपर्यंत सेलेनियम साठवतात. शेजारी उगवलेल्या गवतात एक-दोन मिलिग्रॅम, आणि या झाडात त्याच्या हजारपट! झाड स्वतः मात्र ठणठणीत, कारण ते सेलेनियमला अशा अमिनो आम्लात बंद करते की ते प्रथिनांत शिरू नये. हा उद्योग कशासाठी? पाने कुरतडणाऱ्या अळ्या आणि किडे अशा झाडाला टाळतात, हे अलीकडच्या प्रयोगांत दिसले आहे. घोड्याला जे विष तेच त्या झाडाचे कुंपण.

साध्या पिकांना ही विद्या येत नाही. उच्च वनस्पतींना सेलेनियम लागतेच असे आजवर सिद्ध झालेले नाही, जरी अगदी अल्प मात्रेत काही पिकांना फायदा झाल्याचे प्रयोग आहेत. फार झाले तर गव्हाची कोवळी पाने पांढरीफटक पडतात. मोहरी, कोबी, लसूण, कांदा ही गंधकप्रिय मंडळी इतरांपेक्षा जास्त सेलेनियम ओढतात. तिखट वासाच्या भाज्यांचा गंधकाशी जो स्नेह आहे त्याचाच हा परिणाम.

मातीत एकूण सेलेनियम किती आहे यावरून पिकात किती येईल हे सांगता येत नाही, ही गोष्ट शेतीखात्याच्या लोकांनाही पटवून द्यावी लागते. जमीन विम्लधर्मी, चुनखडीची आणि हवा खेळती असलेली असेल तर सेलेनियम सेलेनेट होऊन पाण्यात विरघळते आणि मुळांना सहज मिळते. जमीन आम्लधर्मी आणि लोहाने भरलेली असेल, जशी जांभ्या दगडाची माती, तर तेच सेलेनियम सेलेनाइट बनून लोहाच्या ऑक्साइडला घट्ट चिकटून बसते. दोन शेतांच्या मातीत सारखेच सेलेनियम असून एकाच्या गव्हात ते भरपूर आणि दुसऱ्याच्या गव्हात नावाला, असे होऊ शकते.

१९४३ साली उंदरांवरच्या एका प्रयोगातून सेलेनियममुळे यकृतात गाठी होतात असा निष्कर्ष निघाला आणि त्याच्यावर कर्करोगकारक असा शिक्का बसला. त्यानंतर चौदाच वर्षांनी पारडे फिरले. १९५७ साली अमेरिकेत क्लाउस श्वार्ट्‌झ आणि कॅल्व्हिन फोल्ट्‌झ यांनी दाखवले की विशिष्ट आहारावर ठेवलेल्या उंदरांचे यकृत कुजते ते सेलेनियमच्या अभावामुळे, आणि ते अत्यल्प प्रमाणात दिले की उंदीर वाचतात. लगोलग ऑरेगॉनमध्ये कोकरांवर तोच अनुभव आला. न्यूझीलंडच्या मेंढपाळांसाठी तर हा शोध म्हणजे सुटकाच होती. तिथल्या कुरणांत सेलेनियम इतके कमी की जन्मलेली कोकरे उभी राहू शकत नसत; मेल्यावर कापून पाहिले तर स्नायू फिकट, माशाच्या मांसासारखे. सेलेनियमचा डोस सुरू झाला आणि हा रोग आटोक्यात आला. आपल्याकडेही व्यालेल्या गाई-म्हशीची वार अडकली किंवा कासदाह वारंवार होऊ लागला की जनावरांचे डॉक्टर ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांचे इंजेक्शन देतात. गोठ्यातल्या माणसाला हे नाव वर्तमानपत्राच्या कितीतरी आधीपासून ओळखीचे आहे.

सेलेनियमचे शरीरातले काम कसे चालते ते १९७३ पासून उलगडत गेले. पेशींतली घातक पेरॉक्साइडे मोडणारे ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे विकर सेलेनियमवर चालते असे त्या वर्षी कळले. पुढे थायरॉइडच्या संप्रेरकाला त्याच्या कामाच्या रूपात बदलणारी विकरेही सेलेनियमचीच निघाली. माणसाच्या जनुकांत अशी २५ प्रथिने लिहिलेली आहेत. त्यांत सेलेनियम ज्या अमिनो आम्लातून येते, त्या सेलेनोसिस्टीनला विसाव्यानंतरचे एकविसावे अमिनो आम्ल म्हणतात. एक चमत्कारिक तपशील इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही: जनुकीय संदेशात यूजीए ही तीन अक्षरे आली की एरवी प्रथिन बांधणे थांबते, पण काही ठिकाणी, पुढे एक खास खूण असेल तर, त्याच तीन अक्षरांचा अर्थ ‘इथे सेलेनियमवाले अमिनो आम्ल लाव’ असा घेतला जातो. शरीराने या विषारी द्रव्यासाठी आपल्या भाषेत स्वतंत्र सोय केली आहे.

या पुस्तकातला माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग चीनविषयीचा आहे, आणि घाईत असलेल्या वाचकाने तो आधी वाचावा. अभाव आणि अतिरेक या दोन्ही टोकांची माणसांतली पक्की ओळख जगाला एकाच देशाने करून दिली.

ईशान्येकडच्या हेलाँगजियांग प्रांतातल्या केशान परगण्यात १९३५ साली हृदयरोगाची साथ आली. लहान मुले आणि मूल होण्याच्या वयातल्या बायका यांचे हृदय फुगे, दुबळे होई आणि बंद पडे. हा केशान रोग ईशान्येपासून नैर्ऋत्येपर्यंत एका पट्ट्यात पसरला होता. खेडूत आपल्याच शेतात पिकलेले खात, आणि त्या पट्ट्यातल्या मातीत, धान्यात, माणसांच्या केसांत सेलेनियम फारच कमी होते. १९७४ साली सिचुआन प्रांतातल्या मियाननिंग परगण्यात मुलांना आठवड्याला सोडियम सेलेनाइटची गोळी द्यायला सुरुवात झाली. लहानांना अर्धा मिलिग्रॅम, जरा मोठ्यांना एक. पहिल्या वर्षी गोळी न मिळालेल्या मुलांत हजारी १३.५ जणांना हा रोग झाला, गोळी मिळालेल्यांत २.२ जणांना. दुसऱ्या वर्षी हे आकडे ९.५ आणि १ असे होते. त्यानंतर गोळी न देता कोणाला तुलनेसाठी ठेवणे योग्य राहिले नाही आणि सगळ्यांनाच ती सुरू झाली.

तरीही एक प्रश्न उरत होता. सेलेनियम वर्षभर कमी, मग रोग ठराविक ऋतूत आणि ठराविक वर्षी का उसळतो? रुग्णांत कॉक्सॅकी विषाणू सापडत होता. १९९५ साली अमेरिकेत मेलिंडा बेक आणि ऑरव्हिल लेव्हँडर यांनी या विषाणूची निरुपद्रवी जात सेलेनियम कमी असलेल्या उंदरांत सोडली. विषाणूच्या जनुकांतच बदल झाले आणि तो हृदयाला इजा करू लागला. इतकेच नव्हे, तिथून काढून धडधाकट उंदरांत सोडला तरी त्याने इजा केली. कुपोषणाने माणूस दुबळा होतो हे आपण जाणतो. कुपोषित शरीरात जंतू बदलून जास्त घातक होऊ शकतो, ही त्याच्या पलीकडची गोष्ट आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे मला वाटते.

आता दुसरे टोक. हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात लोकांचे केस आणि नखे गळाली. सर्वाधिक झळ बसलेल्या खेड्यांत जवळजवळ निम्मी माणसे आजारी होती. काहींना हातापायांत बधिरपणा आला, दात किडले, कातडीवर चट्टे उठले. यांग ग्वांगची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर याचा मागोवा घेतला. तिथला दगडी कोळसा सेलेनियमने भरलेला. तो झिजून जमिनीत उतरलेला. शेतात चुना घालण्याची रीत असल्याने त्यातले सेलेनियम पिकांना सहज मिळू लागले. एवढे असूनही लोक वर्षानुवर्षे तगून होते. मग दुष्काळात भाताचे पीक गेले आणि त्यांना स्थानिक भाज्या आणि मक्यावर भागवावे लागले. पोटात जाणारे सेलेनियम दिवसाला सरासरी पाच मिलिग्रॅमच्या आसपास पोहोचले होते.

हा आकडा जरा बाजूला लिहून ठेवा आणि शेगावच्या गव्हाचा हिशेब करा. किलोला साडेचौदा मिलिग्रॅम हे मोजमाप खरे धरले, तर पोळीसाठी रोज तीनशे ग्रॅम गहू खाणाऱ्या माणसाच्या पोटात सव्वाचार मिलिग्रॅमहून जास्त सेलेनियम जाते. अमेरिकी मर्यादेच्या दहापट, आणि एन्शीच्या अगदी जवळ. दोन्हीकडची लक्षणेही सारखी. वादात ज्याने त्याने कोणतीही बाजू घ्यावी, पण हा साधा गुणाकार करून मग घ्यावी.

असा गहू पिकतो का? पिकतो. पंजाबमधल्या होशियारपूर आणि शहीद भगतसिंग नगर, म्हणजे पूर्वीचा नवांशहर, या जिल्ह्यांत सुमारे हजार हेक्टरांचा एक पट्टा आहे. शिवालिक टेकड्यांमधून पावसाळ्यात उतरणारे नाले, ज्यांना तिथे ‘चो’ म्हणतात, त्यांनी आणलेल्या गाळातून तिथे सेलेनियम साठले. वर भात-गव्हाची पाळी आणि त्यासाठी जमिनीखालचे पाणी उपसणे. त्या पाण्यातूनही सेलेनियम शेतात येते. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात के. एस. आणि एस. के. धिल्लों या शास्त्रज्ञ दांपत्याने या भागाचा कित्येक वर्षे अभ्यास केला. गव्हाची पांढरी पडलेली पाने, म्हशींचे चिरलेले आणि सुटलेले खूर, शेपटीचा झडलेला गोंडा, आणि तिथल्या माणसांतली केसगळती व नखांचे विकार, हे सगळे नियतकालिकांत छापून आलेले आहे. शेगावच्या घटनेच्या कितीतरी आधी.

इथे एक सावधगिरीही हवी. पंजाबात गव्हाखाली ३५ लाख हेक्टरांच्या आसपास जमीन आहे. त्यातला हा पट्टा नकाशावर टाचणी टोचावी एवढा. त्यावरून पंजाबच्या गव्हाला नावे ठेवणे हा तिथल्या शेतकऱ्यावर अन्याय होईल. या घटनेतून शिकण्यासारखे आहे ते धान्याच्या प्रवासाविषयी. पूर्वी अभाव काय किंवा अतिरेक काय, ज्या गावच्या मातीत असे त्याच गावाने सोसायचा. धान्य बाजारात एकत्र होऊ लागल्यावर तीव्रता पातळ झाली, बहुतेकांचे भलेच झाले. पण पोत्यांची खेप एका शेतातून मंडीत, मंडीतून गोदामात आणि गोदामातून एकाच दुकानात न मिसळता जाऊ शकते. मग शेकडो मैलांवरच्या मातीची व्याधी अशा माणसाला जडते ज्याने ती माती कधी पाहिलेली नाही. घरची ज्वारी सोडून रेशनच्या गव्हावर आलेल्या कुटुंबाला तर दुसरे धान्यही ताटात नसते, की ज्याने ते पातळ व्हावे.

सेलेनियम धान्याबरोबर जाते तसे पाण्याबरोबरही जाते. कॅलिफोर्नियातल्या केस्टरसनचे प्रकरण आपल्या पाटबंधारे खात्याने आवर्जून वाचावे. सान वाकीन खोऱ्यातल्या शेतांचे निचऱ्याचे पाणी तिथल्या तलावांत सोडले जाई, आणि तीच जागा पाणपक्ष्यांसाठी राखीवही होती. १९८३ साली तिथे अंड्यांतून चोच नसलेली, डोळे नसलेली पिल्ले निघाली. शेतातून धुपलेले सेलेनियम शेवाळात, शेवाळातून किड्यांत आणि किड्यांतून पक्ष्यांत साठत गेले होते. शेवटी त्या तलावांत पाणी सोडणे बंद करावे लागले आणि ते बुजवून टाकण्यात आले.

याउलट फिनलंडने जे केले ते मला धाडसाचे आणि नेमके वाटते. तिथल्या मातीतले सेलेनियम पिकांना मिळत नव्हते. सरकारने लोकांना गोळ्या वाटल्या नाहीत. १९८४ साली निर्णय घेऊन सगळ्या शेतीच्या खतांतच सोडियम सेलेनेट मिसळायला लावले. धान्य, चारा, दूध, मांस, माणूस, सगळीकडे एकाच वेळी फरक पडला. मग ते हात झटकून बसले नाहीत. दरवर्षी माती, पिके, दूध आणि माणसांचे रक्त तपासत राहिले, आणि आकडे जास्त वाटले तेव्हा १९९० साली खतातले प्रमाण कमी केले, नंतर पुन्हा थोडे वाढवले. झाडाने आत घेतलेले सेलेनियम सेंद्रिय रूपात येते आणि कुणी एका दमात दहा दिवसांची मात्रा खाऊ शकत नाही, हा त्या मार्गाचा फायदा. ज्या देशात मोजण्याची शिस्त नाही तिथे मात्र ही नक्कल करू नये.

राहिल्या गोळ्या. १९९६ साली अमेरिकेत लॅरी क्लार्क यांच्या चाचणीत त्वचेच्या कर्करोगावर काही उपयोग दिसला नाही, पण प्रोस्टेटचा कर्करोग कमी झाल्यासारखा वाटला, आणि सेलेनियमची लाट उसळली. ती पडताळण्यासाठी ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर सिलेक्ट नावाची चाचणी झाली. रोज २०० मायक्रोग्रॅम देऊनही फायदा शून्य. २००८ साली ती मुदतीआधी थांबवावी लागली. क्लार्क यांच्याच चाचणीतल्या लोकांचा पुढे हिशेब केला तेव्हा सेलेनियम घेणाऱ्यांत मधुमेह जास्त आढळला. ज्यांच्या अंगात मुळात पुरेसे आहे त्यांना आणखी देऊन भले होत नाही, इतके यातून निश्चित झाले. २००८ सालीच अमेरिकेत एका पातळ टॉनिकमध्ये चुकून सुमारे दोनशेपट सेलेनियम पडले आणि दोनशेच्या वर माणसांना केसगळती, जुलाब, सांधेदुखी झाली. पुढच्या वर्षी फ्लोरिडातल्या पोलो स्पर्धेपूर्वी ताकदीसाठी टोचलेल्या मिश्रणात सेलेनियमची मात्रा चुकली आणि व्हेनेझुएलाच्या संघाचे २१ घोडे मेले. ज्या द्रव्यात दशांश चिन्ह सरकले की जीव जातो, ते दुकानातून हौसेने आणून खाण्याची वस्तू नव्हे.

तेव्हा वाचकाला माझे सांगणे असे की रक्ततपासणी आणि डॉक्टरचा सल्ला यांवाचून सेलेनियमची गोळी सुरू करू नका, आणि जनावराला इंजेक्शन स्वतःच्या मनाने टोचू नका. अंडी, मासे, डाळी, वेगवेगळी धान्ये असा मिसळीचा आहार असेल तर बहुतेकांना गोळीची गरज पडत नाही. आणि शेतकरी, कृषी अधिकारी, पुरवठा खाते यांच्याकडे एक मागणी आहे. आपल्या मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा गोष्टी मोजल्या जातात. त्यांत गंधक आहे, जस्त आहे, बोरॉन आहे, सेलेनियम नाही. देशभर प्रत्येक शेतात ते मोजा असे कुणी म्हणणार नाही. पण जिथे जास्त असल्याचे दशकानुदशके माहीत आहे तिथल्या मातीची, पाण्याची आणि मंडीत येणाऱ्या गव्हाची तपासणी खरेदीच्या वेळीच व्हावी, आणि जास्त निघालेला गहू सरकारने योग्य भाव देऊन वेगळा काढावा. त्या शेतकऱ्याचा यात काही दोष नाही, आणि रेशनवर जगणाऱ्याचाही नाही.